बोट सुटायच्या आत

हाल्वर्ड नेसेट आमच्या लांगवेर बेटावर एका वर्षासाठी डॉक्टर म्हणून आला आणि एकतीस वर्षं राहिला. त्यातली सव्वीस वर्षं मी त्याच्या दवाखान्याची कचेरी सांभाळली. वेळापत्रकं, पत्रव्यवहार, संगणकातल्या नोंदी आणि अहवाल हे माझं काम. आतल्या खोलीत हाल्वर्ड बसे, बाहेरच्या खिडकीशी त्याची बायको तोर्दिस, आणि मधल्या खोलीत मी. भिंती लाकडी होत्या. आतलं आणि बाहेरचं दोन्ही मला ऐकू येई, आणि दोघंही माझ्या डोक्यावरून एकमेकांशी ओरडून बोलत.

बेटावर औषधाचं दुकान नाही. हाल्वर्डनं लिहिलेली चिठ्ठी संगणकावरून मुख्यभूमीवरच्या दुकानात जाते आणि औषधाचं पुडकं बोटीनं येतं. किराणावाली ते गल्ल्यामागच्या कपाटात ठेवते, ज्याचं त्यानं न्यायचं. बोट मंगळवारी आणि शुक्रवारी. तिकडून ती दोनला सुटते, म्हणून चिठ्ठी साडेबाराच्या आत पोहोचली पाहिजे. चुकली, तर तीन-चार दिवस थांबा. घशाचा किंवा लघवीचा नमुना तपासायचा, तर तो याच बोटीनं परतीच्या फेरीत जातो आणि उत्तर यायला चार दिवस लागतात. वारा असला तर किती दिवस ते कोणीच सांगू शकत नाही.

त्यामुळे शुक्रवारी अकरापासून दवाखान्यात जे चाले, ते साधारण असं.

"हाल्वर्ड! ओलाफच्या बायकोचा घसा दुखतोय."

"ताप आहे का?"

"विचारते... आहे म्हणते. पण ती नसला तरी आहेच म्हणेल."

"लिहितो."

"हावग्लिम्ट बोट रविवारी निघतेय. तीन आठवडे बाहेर. माणसं आठ. नेहमीचं."

"लिहितो."

"आणि माझं पण एक लिही. परत सुरू झालंय."

"परत?"

"मग काय, पाहुणाच आहे तो त्रास. येतो आणि जातो. लिही पटकन, बारा वीस झालेत."

हाल्वर्ड लिही. मासेमारी बोटी दूर समुद्रात निघाल्या की अँटिबायोटिकच्या गोळ्या बरोबर नेत. कोणी आजारी नसे, पण वाटेत झालंच तर काय? तोर्दिसला लघवीच्या जळजळीचा त्रास जुना. तिला तपासायला हाल्वर्डला खुर्चीवरून उठावंही लागत नसे. ती म्हणे आणि तो लिही.

तो आळशी होता असं कोणी समजू नये. मी त्याला गुडघाभर बर्फातून चालत एका म्हातारीचे पाय धुवायला जाताना पाहिलं आहे. त्याच्या या घाईला एक कारण होतं आणि ते बेटावर सगळ्यांना माहीत होतं.

तो आला त्याच्या तिसऱ्या हिवाळ्यात आर्ने ब्रेक्के नावाचा मच्छीमार आपली अकरा महिन्यांची मुलगी घेऊन आला. ताप होता, पोर किरकिर करत होतं. त्या आठवड्यात बेटावरच्या निम्म्या पोरांना तसाच ताप होता. हाल्वर्डनं तपासलं आणि म्हणाला, "साधा ताप आहे. औषध नको. उद्या बघू." ते 'उद्या' दुपारी उजाडलं, कारण सकाळी दुसरीकडे बाळंतपण होतं. दुपारी तो ब्रेक्केच्या घरी पोहोचला तेव्हा मुलीच्या अंगावर जांभळे डाग उठले होते. त्यानं होतं ते सगळं टोचलं. वाऱ्यामुळे हेलिकॉप्टर आलं नाही. मुलगी संध्याकाळी गेली. तिचं नाव सिल्ये.

आर्नेनं तक्रार केली नाही. दफनाच्या वेळी तो हाल्वर्डशेजारी उभा राहिला आणि म्हणाला, "तुला कळलं नाही, एवढंच." तक्रार केली असती तर बरं झालं असतं, असं हाल्वर्ड मला एकदा म्हणाला होता. त्या दिवसापासून तो 'उद्या बघू' म्हणाला नाही. घसा असो, कान असो, खोकला असो, बोट सुटायच्या आत चिठ्ठी गेलेली असे. लोक खूश होते. शेजारच्या बेटावरच्या डॉक्टरला ते 'थांबकर' म्हणत आणि आमच्याकडे यायला बघत.

सहा वर्षांपूर्वीच्या शरद ऋतूत पत्र आलं. किनाऱ्यावरच्या पाच डॉक्टरांचा एक अभ्यासगट होणार होता. विषय: अँटिबायोटिक कधी द्यावं आणि कधी देऊ नये. बैठका दोन, मध्ये सहा महिन्यांचं अंतर. प्रत्येक डॉक्टरनं दोन वर्षांत काय काय लिहून दिलं त्याचा अहवाल दवाखान्याच्या संगणकातून काढायचा. तो बंद पाकिटात ज्याचा त्याला मिळणार, दुसऱ्या कोणाला दिसणार नाही. अहवाल काढायचं काम पाचही दवाखान्यांसाठी माझ्याकडे आलं, कारण त्या किनाऱ्यावर असल्या कामाला बसणारा दुसरा कोणी नव्हता.

शिकवायला येणारी डॉक्टर विग्दिस क्वामे. त्याच्या बारा वर्षं आधी ती आमच्याच बेटावर सहा महिने शिकाऊ होती. हाल्वर्डनं तिला कॉड माशाच्या पोटावर टाके घालायला शिकवलं होतं.

डिसेंबरात, बदली डॉक्टर आल्यावर, हाल्वर्ड आणि मी मुख्यभूमीवर गेलो; तिथल्या पंचायतीच्या घरात पहिली बैठक होती. वॉफल आणि तपकिरी चीज मांडलेलं, कॉफीचे दोन मोठे थर्मास.

"तर तू मला शिकवणार," हाल्वर्ड म्हणाला.

"मी नाही. तुझेच आकडे शिकवतील," विग्दिस म्हणाली. "मी नुसती टपालवाली." आणि तिनं पाकिटं वाटली.

बाकीच्या चौघांनी लगेच फोडली. कोणी शीळ घातली, कोणी हसलं. हाल्वर्डनं आपलं कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं.

विग्दिसनं सांगितलं ते अवघड नव्हतं. बहुतेक घसे, कान आणि खोकले आपोआप बरे होतात. गोळी दिली तर फार तर एखादा दिवस आधी. पण गोळी गेली की अंगातल्या जंतूंना तिची ओळख होते, आणि ज्याला वारंवार जाते त्याच्या अंगात शेवटी तिला न जुमानणारेच उरतात. लघवीचा त्रास पुन्हा पुन्हा होणाऱ्या बाईचा नमुना तपासल्याशिवाय तेच ते औषध लिहू नका.

"आणि तोवर तिला काय देऊ? कॉफी?" शेटिल नावाच्या तरुण डॉक्टरनं विचारलं.

"कॉफी दे. पण परत कधी भेटायचं ते सांगून दे. आणि भेट."

"तू आमच्या बोटीचं वेळापत्रक विसरलीस, पोरी," हाल्वर्ड म्हणाला.

"नाही विसरले. सहा महिने तुझ्या शेजारी बसून 'लिहितो, लिहितो' ऐकलंय मी." सगळे हसले. हाल्वर्डही हसला.

परतीच्या बोटीवर खाली, उपाहारगृहात बसून त्यानं पाकीट फोडलं. बराच वेळ वाचत राहिला. इतर चौघांच्या सरासरीच्या दुपटीहून त्याचा आकडा मोठा होता.

"यालमार, हे तू काढलंस?"

"संगणकानं काढलं."

"पण तू पाहिलंस."

"पाहिलं."

"यात नावं नाहीत. तुझ्याकडच्या यादीत असतील. सगळ्यात जास्त वेळा कोण?"

मी कॉफी ढवळत राहिलो.

"तोर्दिस," तो स्वतःच म्हणाला. "किती?"

"दोन वर्षांत अकरा."

त्यानं कागदाची घडी घातली आणि खिडकीकडे तोंड केलं.

त्यानंतर काही आठवडे त्यानं मनापासून प्रयत्न केला. हावग्लिम्टच्या कप्तानाला त्यानं गोळ्या नाकारल्या. कप्तान खिडकीशी येऊन तोर्दिसला म्हणाला, "तुझ्या नवऱ्याला कोणी चावलंय का?" तोर्दिस म्हणाली, "हो, विग्दिस चावलीय. टोचून घ्या, पसरेल." पण तोर्दिसनं स्वतः मात्र नमुना दिला नाही. हाल्वर्ड तीनदा बाटली घेऊन तिच्या टेबलाशी गेलेला मी पाहिला.

"मला नको देऊ बाटली. मी काय रोगी आहे?"

"तू सगळ्यात जास्त औषध घेणारी बाई आहेस या बेटावरची."

"मग बक्षीस दे. बाटली कसली देतोस?"

आणि त्रास होतोय असं म्हणणंच तिनं बंद केलं. त्याला वाटलं, कमी झाला असेल.

मार्चमध्ये, कॉडचा हंगाम भरात असताना, एका शुक्रवारी ती खिडकीशी बसल्या बसल्या थरथरत होती. लोकरीचे दोन अंगरखे घातले होते तरी दात वाजत होते. मी विचारलं तर म्हणाली, "दार उघडं टाकता तुम्ही लोक." अकरा वाजता ती उभी राहिली आणि टेबलाला धरून परत बसली. हाल्वर्ड बाहेर आला. त्यानं तिच्या पाठीवर, कमरेच्या वर, हळूच टिचकी मारली. ती किंचाळली. एवढ्या वर्षांत मी तिचा तसला आवाज ऐकला नव्हता.

"किती दिवस?"

"चार. पाच. तुला सांगून काय, तू बाटलीच दिली असतीस."

त्या दिवशी त्यानं नमुना घेतला. आणि बारा वाजून दहा मिनिटांनी चिठ्ठीही लिहिली, नेहमीचीच, फक्त दुप्पट. गोळ्या संध्याकाळी आल्या, नमुना त्याच बोटीनं गेला.

शनिवारी ताप उतरला नाही. रविवारी त्यानं दवाखान्यातलं सुईचं औषध काढलं आणि दर आठ तासांनी टोचू लागला. तिला दवाखान्यातल्याच खाटेवर ठेवलं होतं. मी घरून माशाचं सूप घेऊन गेलो तर ती शुद्धीत होती पण मला ओलाफ म्हणाली. रविवारी दुपारी त्यानं हेलिकॉप्टर मागवलं. नैर्ऋत्येकडून वादळ होतं. उडता येणार नाही, असं उत्तर आलं. सोमवारी पुन्हा तेच. सोमवारी तिची लघवी थांबली.

मंगळवारी सकाळी प्रयोगशाळेचा निकाल संगणकावर आला. मीच उघडला, कारण येणारी सगळी पत्रं मीच उघडत असे. औषधांची नावं एकाखाली एक होती. पहिल्यापुढे लिहिलं होतं 'दाद नाही'. दुसऱ्यापुढे तेच. त्यानं शुक्रवारी लिहिलेलं औषध त्यात होतं, रविवारपासून टोचत होता तेही होतं. अगदी खाली एका नावापुढे 'उपयोगी' असं होतं. ते औषध फक्त मोठ्या इस्पितळात मिळतं.

मी कागद छापून आत नेला. त्यानं तो उभ्यानंच वाचला.

"पाच दिवस," तो म्हणाला. "पाच दिवस मी तिला पाणी देत होतो."

हेलिकॉप्टर दुपारी आलं. त्याला तिच्याबरोबर जाता येईना. हंगामामुळे बेटावर परक्या बोटींची चारशे माणसं होती आणि डॉक्टर एकच. बदली डॉक्टर मिळाल्याशिवाय बेट सोडायचं नाही असा नियम आहे, आणि तो मोडणारा माणूस हाल्वर्ड नव्हता. मुख्यभूमीवरून उत्तर आलं की शनिवारपर्यंत कोणी मोकळं नाही.

बुधवारी सकाळी इस्पितळातून फोन आला. आवाज तरुण होता. मी हाल्वर्डच्याच खोलीत होतो, आणि नोंदी चाळायला हात मोकळे हवेत म्हणून त्यानं फोन टेबलावर ठेवून मोठ्यानं लावला.

"उपयोगी औषध सुरू केलंय," ती डॉक्टर म्हणाली. "पण रक्तदाब टिकत नाहीये, आणि मूत्रपिंडांवर जुने वण दिसताहेत, बरेच. आम्हाला नीट यादी हवी. गेल्या काही वर्षांत कोणकोणती अँटिबायोटिक्स, केव्हा, किती दिवस?"

हाल्वर्डनं नोंदी पाहून सांगायला सुरुवात केली. अकरांच्या पुढे आता आणखी दोन झाली होती. ती मध्येच म्हणाली, "माफ करा, पण निकालातली दोन औषधं तुमच्या यादीत नाहीत, आणि जंतू त्यांनाही दाद देत नाहीत. ती तिला मिळालीच नव्हती का?"

"नाही. मी ती कधीच दिली नाहीत तिला."

मग मी बोललो. "डबा," मी म्हणालो.

"कुठला डबा?"

आमच्या बेटावर कोणी काही फेकत नाही. बोटी परतल्या की उरलेल्या गोळ्यांची पाकिटं खलाशी खिडकीत आणून देत, आणि तोर्दिस ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवी. कोणाला बोट चुकली तर त्यातून देई. तिच्याच खणात माझा शिक्का असे, म्हणून मी तो डबा रोज पाहत होतो. तो मी काढून हाल्वर्डपुढे ठेवला. अर्धी, पाव, दोनच गोळ्या उरलेली पाकिटं, पाच-सहा तऱ्हांची. काहींवर तिच्या अक्षरात तारखा होत्या. शेवटची तारीख फेब्रुवारीतली.

हाल्वर्ड एकेक पाकीट उचलून फोनवर नाव वाचत गेला. सगळ्यांवर चिठ्ठी लिहिणाऱ्याचं नाव छापलेलं होतं, आणि ते त्याचंच होतं.

"तुला माहीत होतं?" फोन ठेवल्यावर त्यानं मला विचारलं.

"डबा माहीत होता. ती स्वतः घेते हे माहीत नव्हतं."

"विचारलं का नाहीस?"

मी डब्याचं झाकण लावलं.

शुक्रवारी साडेअकराला आर्ने ब्रेक्के आला. आता सत्तरीला टेकलेला, बरोबर मुलाची मुलगी, तीन वर्षांची, कानाला हात लावून रडत होती. हाल्वर्डनं तिला मांडीवर घेऊन कान पाहिला. पडदा लाल होता, ताप थोडा, पोरगी तशी टवटवीत. दार उघडंच होतं.

"थांबायला हरकत नाही, आर्ने. दोन-तीन दिवसांत आपोआप उतरतो."

आर्ने टोपी हातात फिरवत उभा राहिला. भिंतीवरच्या घड्याळाकडे त्यानं पाहिलं, मग पोरीकडे. त्यानं एक शब्द जरी टोमणा मारला असता तरी हाल्वर्डला काहीतरी म्हणता आलं असतं.

"तोर्दिस कशी आहे?" आर्नेनं विचारलं.

"अजून नळ्यांवर आहे."

"देव तिला..." असं म्हणून तो थांबला.

हाल्वर्डनं संगणक ओढला. बारा वाजायला पाच कमी असताना चिठ्ठी गेली. आर्ने गेल्यावर मी आत गेलो तेव्हा हाल्वर्ड दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवून त्यांच्याकडे बघत होता.

"लिहिलं मी, यालमार. ती तिकडे अशी पडलीय आणि मी पुन्हा लिहिलं. मला सगळं माहीत आहे. तरी लिहिलं."

शनिवारी बदली डॉक्टर आला आणि हाल्वर्ड गेला.

तोर्दिस वाचली. जंतू हटले. मूत्रपिंडं मात्र परतली नाहीत. मे महिन्यात मी भेटायला गेलो, तेव्हा ती यंत्राशेजारी आडवी होती. हातातून रक्त बाहेर जात होतं आणि परत येत होतं. ती निम्मी झाली होती. आवाज तेवढा तोच होता.

"आठवड्यातून तीनदा," ती म्हणाली. "मंगळवार, गुरुवार, शनिवार. आणि बोट आठवड्यातून दोनदा. आता सांग, मी घरी कशी राहू? पोहत येऊ?"

"बोटीचं काहीतरी करता येईल," मी म्हणालो.

"काही करता येत नाही. मी एकोणतीस वर्षं त्या बोटीचं वेळापत्रक तोंडपाठ म्हणतेय, तू मला नको सांगूस." मग नवऱ्याकडे मान वळवून म्हणाली, "आणि हा रोज इथं बसून माझ्याकडे बघतो. जणू मी त्याच्या अंगावर सांडलेली कॉफी आहे. म्हटलं, अरे, डबा माझा होता. गोळ्या मी गिळल्या. थोडं तरी माझ्याकडे राहू दे की!"

हाल्वर्ड हसला नाही. "चिठ्ठी माझी होती," तो म्हणाला.

"झालं. रोज हेच."

त्यांनी लांगवेरचं घर विकलं आणि इस्पितळाजवळ दोन खोल्या घेतल्या. बेटावर कायमचा डॉक्टर अजून नाही. दर महिन्याला नवा येतो, आणि नवा येतो तो लोकांना ओळखत नाही, म्हणून मागतील ते लिहून देतो. त्याचे अहवाल मी काढतो. ते हाल्वर्डला दाखवावेसे वाटत नाहीत.

जूनमध्ये अभ्यासगटाची दुसरी बैठक होती, मंगळवारी. विग्दिसनं हाल्वर्डला फोन करून सांगितलं की यायची सक्ती नाही. तो नाहीच म्हणणार होता. तोर्दिस म्हणाली, "जा. इथं बसून काय करणार? यंत्र तुला बघून जोरात चालत नाही. पाचला मला सोडतात, तेव्हा ये." अहवालांमुळे मलाही जायचं होतं. मी त्याला गाडीत घेतलं. वाटेत तो एकच वाक्य बोलला: "मी नक्की काय सांगायचं त्यांना?"

त्यानं सगळं सांगितलं. अकरा चिठ्ठ्या, डबा, पाच दिवस. कोणी वॉफलला हात लावला नाही. विग्दिस टेबलाकडे बघत होती. मग त्यानं आर्नेच्या नातीचंही सांगितलं, जे मला वाटलं होतं तो सांगणार नाही.

"कागदावर काय लिहिलंय ते मला तेव्हा तुम्हा सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं," तो म्हणाला. "माझी बायको त्यापायीच नळ्यांवर पडली होती. तरी त्या माणसासमोर मला 'थांब' म्हणता आलं नाही. म्हणजे मला अक्कल कमी नव्हती. मला भीती होती. तुम्हालाही असणार. त्या भीतीबद्दल विग्दिसच्या कागदात काही नाही."

विग्दिसनं मान डोलावली. "नाही," ती म्हणाली. "ते माझ्या ध्यानात यायला हवं होतं."

दोघातिघांनी त्याच्याशी हात मिळवला. शेटिलच्या डोळ्यांत पाणी होतं. मग कॉफीची सुट्टी झाली. मी कागद गोळा करायला बाहेरच्या बोळात गेलो, तर शेटिल खिडकीशी उभा राहून फोनवर होता.

"हो, हो. नेहमीचंच ना? नमुना राहू दे, आता कुठे... हो, लिहितो. तिला सांग, संध्याकाळी घेऊन जा."

हाल्वर्ड माझ्यामागून आला होता. त्यानंही ऐकलं. मला वाटलं तो चिडेल किंवा तसाच निघून जाईल. भिंतीला लागून एक बाक होता, त्यावर तो बसला.

शेटिलनं फोन ठेवला आणि वळला. कोणी काही बोलायच्या आधी तोच म्हणाला, "चौथ्यांदा झालंय तिला या वर्षी. शिक्षिका आहे. उद्यापासून मुलांना घेऊन सहलीला निघतेय. मी तरी काय करू?"

"नाव काय तिचं?"

"तुला काय करायचंय नावाशी?"

"नाव सांग ना."

"बेरित."

"बेरित किती वर्षांची?"

"चौतीस." शेटिलनं फोन खिशात घातला आणि पुन्हा काढला. "हाल्वर्ड, नमुना मागितला तर ती उद्या सहलीवर असेल. निकाल शुक्रवारी येईल. मध्येच डोंगरावर ताप चढला तर? तूच सांग. तिथं तिला काही झालं तर मला गावात तोंड दाखवता येईल?"

"नाही येणार," हाल्वर्ड म्हणाला. "मला माहीत आहे, कसं असतं ते."

"मग?"

हाल्वर्ड बाकावर पुढे सरकला. आत कोणीतरी कपबशा गोळा करत होतं.

"मग निघायच्या आधी, सकाळी तिच्या दारात जा. बाटली घे, तिला बघ. कोणती गोळी चालेल ते निकाल आल्यावर ठरव, आणि तोवर रोज संध्याकाळी तिला फोन कर. ती फोन करेल म्हणून बसू नकोस. तूच कर."

"रोज? एका बाईसाठी? माझ्याकडे अकराशे माणसं आहेत."

"हो."

"जमणार नाही मला ते."

"मलाही जमलं नाही," हाल्वर्ड म्हणाला.

शेटिल त्याच्याकडे बघत राहिला. मग त्यानं फोन लावला, आमच्याकडे पाठ केली आणि दवाखान्यातल्या बाईला म्हणाला, "ती मघाची चिठ्ठी गेली का? थांबव. थांबव म्हटलं ना. आणि बेरितचा नंबर दे मला."

मग त्यानं तो नंबर लावला. पलीकडे बेरित बरंच काही बोलली असावी. शेटिल दोनदा 'माहीत आहे' आणि एकदा 'मी येतो, साडेसहाला' म्हणाला. त्याचा आवाज खात्रीचा नव्हता. उद्या तो जाईल की नाही, आणि पुढच्या वेळी फोन वाजला की काय करील, हे मला त्यावरून सांगता आलं नसतं. हाल्वर्डनंही ते विचारलं नाही.

विग्दिस दारात येऊन म्हणाली की दुसरं सत्र सुरू होतंय. शेटिल आत गेला.

"चार वाजून गेले," हाल्वर्ड मला म्हणाला. "तोर्दिसला यंत्रावरून काढलं की तासभर उभं राहता येत नाही. मी नसलो तर ती एकटीच प्रयत्न करते आणि पडते."

मी किल्ल्या काढल्या. तो बाकाच्या हाताला धरून उठला आणि गाडीकडे निघाला.